मॉडेल रेल्वेचे रूळ आणि वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूळ कसे बसवायचे आणि त्यांना करंट कसा द्यायचा, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं दोन रुळांच्या, मुख्यतः १६.५ मिमी गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) लेआउटला धरून आहेत. एन या छोट्या स्केलला जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: "इंजिन खराब निघालं" म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ रुळात किंवा रुळाच्या जोडात सापडतं. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रश्न ९ आणि १९ वाचा.

१. फ्लॅटमध्ये जागा कमी आहे. एचओ घेऊ, ओओ घेऊ की एन?

एचओ म्हणजे १:८७ (मॉडेल खऱ्याच्या ८७ पट लहान), ओओ म्हणजे १:७६.२ आणि एन म्हणजे १:१६० (ब्रिटिश एन १:१४८, जपानी १:१५०). एचओ आणि ओओ दोन्ही १६.५ मिमी गेजवर चालतात, त्यामुळे रूळ एकच. एनचं गेज ९ मिमी.

दारामागचा कोपरा किंवा पलंगाखाली सरकणारं टेबल एवढीच सोय असेल तर एन. टेबल १.३ मीटर रुंद ठेवता येत असेल तर एचओ (१.३ का, ते प्रश्न ५ मध्ये). सोल्डरिंग पहिल्यांदाच करणार असाल तर मी एचओच सुचवेन. एनचे रूळ बारीक, स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) चटकन वितळतात आणि हलकं इंजिन धुळीच्या कणावरही अडतं. पुण्यात असाल तर ठरवण्याआधी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या. स्केल म्हणजे काय ते कॅटलॉग वाचून कळत नाही, डोळ्यांनी पाहिल्यावर कळतं.

२. आपल्या भारतीय गाड्या १६.५ मिमीच्या रुळांवर बरोबर दिसतात का?

काटेकोर बोलायचं तर नाही. १६.५ ला ८७ ने गुणलं की सुमारे १४३५ मिमी येतं, ते स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे एचओमध्ये तो १९.३ मिमी हवा. बाजूने बघताना फरक कळत नाही, समोरून डबा रुळांवर जरा अरुंद पायांवर उभा वाटतो. तो घालवायचा तर प्रत्येक रूळ हाताने बसवून प्रत्येक चाक बदलावं लागेल. बहुतेक जण चालवून घेतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मुंबई किंवा पुणे मेट्रो करायची असेल तर मात्र प्रश्नच नाही. दोन्ही मेट्रो १४३५ वरच धावतात. माथेरानच्या गाडीचं गेज ६१० मिमी. ओओ स्केलमध्ये ते ८ मिमी होतं, म्हणून ९ मिमीच्या रुळावर ती बऱ्यापैकी शोभते. फक्त त्यासाठी एनचे साधे रूळ न घेता नॅरोगेजसाठी बनवलेले घ्या. एनच्या रुळांचे स्लीपर आखूड आणि दाटीवाटीचे असतात, नेरळची लाइन तशी दिसत नाही.

३. तयार तुकडे घ्यावेत की फ्लेक्स ट्रॅक?

तुकड्यांचे रूळ ठरलेल्या लांबीचे आणि ठरलेल्या वळणाचे असतात. काहींना खाली प्लॅस्टिकची खडीही असते, उदाहरणार्थ काटोचा युनिट्रॅक. जमिनीवर मांडून खेळायचं, पुन्हा उचलून ठेवायचं असेल तर हेच घ्या.

कायमचा लेआउट असेल तर फ्लेक्स, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा लांब रूळ. त्याची एक लांबी ९१४ मिमी, म्हणजे एक यार्ड असते. पेको कंपनीच्या सेटट्रॅकचा (तयार तुकड्यांच्या रुळांचा) नेहमीचा सरळ तुकडा १६८ मिमीचा. चार मीटर सरळ लाइनला असे २४ तुकडे लागतील, फ्लेक्सचे पाच पुरतील. जेवढे जोड जास्त, तेवढ्या जागा बिघाडाला मोकळ्या. सांधे (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणारे रूळ) आणि स्टेशनचा भाग तुकड्यांचा, बाकी मेन लाइन फ्लेक्सची अशी सरमिसळही चालते.

४. रुळावर कोड १००, ८३, ७५ लिहिलेलं असतं ते काय?

रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, ८३ म्हणजे २.१ मिमी, ७५ म्हणजे १.९ मिमी. एनमध्ये ८० आणि ५५. कमी कोड जास्त खरा दिसतो, पण जुन्या खेळण्यांच्या चाकांची कड जाड असते आणि ती कोड ७५ वर खिळ्यांना घासत खडखडते. दोन कोड जोडायला खास जोड मिळतात. साधी फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणारी पट्टी) ठोकून जुळवू नका.

५. वळण कमीत कमी किती त्रिज्येचं घ्यावं?

सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट, हा चालू हिशेब. आयसीएफ (जुन्या घडणीचा) डबा सुमारे २१.३ मीटरचा, एचओमध्ये २४५ मिमी. एलएचबी (नव्या घडणीचा) सुमारे २३.५ मीटरचा, म्हणजे २७० मिमी. तिप्पट केल्यावर ७३५ आणि ८१० मिमी. एवढी जागा किती घरांत असते? म्हणून तडजोड करावीच लागते. सेटट्रॅकच्या चौथ्या वळणाची त्रिज्या ५७२ मिमी. तिचं पूर्ण वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना थोडी कड धरली की टेबल १.३ मीटर रुंद होतं. त्यावर लांब डबे चालतात, पण मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेर झुकतात. समांतर लाइन असेल तर रूळ चिकटवण्याआधी दोन्हींवर सर्वांत लांब डबे उभे करून ते एकमेकांना घासत नाहीत ना, हे हाताने ढकलून पाहा.

दुसऱ्या वळणावर, म्हणजे ४३८ मिमीवर, मालडबे आणि छोटी इंजिनं घाला. पहिल्या वळणावर, ३७१ वर, फक्त यार्डातलं शंटर, म्हणजे डबे हलवणारं छोटं इंजिन.

६. एका लाइनवरून दुसरी न्यायची आहे. चढ किती चालेल?

२% बरा, ३% ही हद्द. एचओमध्ये खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत सुमारे ७६ मिमी मोकळं हवं, वर पुलाची जाडी, म्हणजे एकूण ९० मिमी चढायचं. २% ने ४.५ मीटर लागतात, ३% ने ३ मीटर. शिवाय उतरायलाही तेवढेच. ओव्हरहेड वायर लावणार असाल तर आणखी उंची धरा.

हे आकडे ऐकून लोक हिरमुसतात. खंडाळ्याचा बोर घाट ३७ ला १ आहे, म्हणजे २.७%, आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. तुम्ही टेबलावर त्याहून कडक घाट बांधताय, तर इंजिन चार डब्यांनंतर जागीच चाकं फिरवणार. वळणावरचा चढ आणखी जड जातो. चढाची सुरुवात आणि शेवट हळूहळू करा. तिथे कोन राहिला तर डब्यांचे जोड, म्हणजे कपलिंग, सुटतात.

७. टेबल कशाचं करावं? पावसाळ्यात प्लाय फुगतो म्हणतात.

फुगतो, आणि कोकणात किंवा मुंबईत जरा जास्तच. कमर्शियल प्लायऐवजी आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, १२ मिमी, आणि खाली ४० सेंमी अंतराने आडव्या पट्ट्या. दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना प्रायमर मारा. पाणी कडेतूनच शिरतं. एमडीएफ वापरू नका. ओलाव्यात ते एकदा फुगलं की परत बसत नाही.

वर ३ ते ५ मिमीचं कॉर्क लावा. नोटीस बोर्डाचं किंवा गॅस्केटवाल्याकडचं चालतं. त्याने आवाज कमी होतो आणि खडीला खऱ्यासारखा उतार मिळतो.

८. रूळ खिळ्यांनी ठोकायचे की चिकटवायचे?

खिळे तात्पुरते, चिकटवणं कायमचं. खिळा जरा जास्त ठोकला की स्लीपर मधोमध वाकतो, दोन रुळांतलं अंतर कमी होतं आणि गाडी तिथेच, कायम तिथेच, रुळांवरून उतरते. चिकटवायला पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक सीलंट सर्वांत सोयीचा. पातळ थर पट्टीने पसरा, रूळ ठेवा, वरून पुस्तकं ठेवा. नंतर काढायचा झाला तर पुट्टीच्या पात्याने सुटतो. फेव्हिकॉलही चालतो, मात्र सांध्यांखाली काहीच लावू नका. हलणाऱ्या पात्यांत ते शिरलं तर सांधा गेला.

फ्लेक्स वळणावर जोडायचा असेल तर दोन लांबी सरळ असतानाच जोड सोल्डर करा आणि मग वाकवा. जोड वळणावर वाकवून नंतर केला तर तिथे कोपरा तयार होतो, आणि डोळ्याला तो दिसत नाही. बोट फिरवून पाहा, लगेच कळतं. कापलेल्या टोकाची धार कानशीने आत आणि वर, दोन्हीकडे मारा. कटरने रूळ कापताना तुकडा उडतो, चष्मा घाला.

९. कंट्रोलरच्या दोन वायरी रुळांना जोडल्या. गाडी जवळ पळते, लांब गेली की मंदावते. इंजिनात दोष आहे का?

नाही. करंट फिशप्लेटमधून जातोय, हा दोष आहे. फिशप्लेटचं काम दोन रूळ एका रेषेत धरणं. करंट नेणं हे तिच्याकडून फुकटात करून घेतलेलं काम आहे. सुरुवातीला ती ते करते, मग धूळ, ओलावा आणि रंग आत गेला की करत नाही. शिवाय रुळांचा धातू, निकेल सिल्व्हर, तांब्यापेक्षा कितीतरी पट कमी करंट वाहतं.

उपाय जुनाच आहे. टेबलाखालून दोन जाड वायरी लाइनच्या सोबत न्यायच्या, यांना बस म्हणतात. त्यांच्यापासून रुळाच्या प्रत्येक लांबीला, दोन्ही रुळांना, बारीक वायरी, म्हणजे फीडर. फ्लेक्सची प्रत्येक लांबी म्हणजे फीडरची एक जोडी. तुकड्यांचे रूळ असतील तर दर मीटरला. "एवढं लागतं का?" असं विचारलं जातं. आज नाही लागत. दोन पावसाळ्यांनंतर लागतं, आणि तेव्हा वर डोंगर झालेला असतो.

१०. वायर किती जाडीची?

बससाठी घरातल्या वायरिंगची १.५ चौरस मिमी तांब्याची वायर, मोठ्या लेआउटला २.५. फीडरला ०.५ चौरस मिमी, फार तर वीतभर लांब. हिशेब असा: बस पाच मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. १.५ च्या वायरीचा रोध त्यात सुमारे ०.११५ ओहम. ३ अँपिअरला ०.३५ व्होल्टही घटत नाही. तेच काम ०.२ चौरस मिमीच्या बारीक वायरीने केलं तर अडीच व्होल्ट वाटेतच जातात.

रंग एकदा ठरवा आणि मोडू नका: खिडकीकडचा रूळ लाल, दाराकडचा काळा. वायर संपली म्हणून हिरवी लावलीत की सहा महिन्यांनी तुम्हालाच कोडं पडेल.

११. घरचा वीजवाला म्हणतो, थेट २३० व्होल्टवरून करून देतो. चालेल?

अजिबात नाही. २३० व्होल्ट बंद ॲडॅप्टरच्या आत थांबले पाहिजेत. रूळ उघडे असतात आणि त्यांना हात लावायचाच असतो. बीआयएस खुणेचा, पूर्ण बंद ॲडॅप्टर घ्या. स्क्रूची टर्मिनल उघडी असलेला एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) टेबलाखाली लटकवू नका, खाली सरपटत जाणारे तुम्हीच असता.

१२. फीडर सोल्डर करताना स्लीपर वितळतात. काय चुकतं?

बहुधा आयर्न थंड असतं. हे उलटं वाटेल, पण लहान आयर्न रूळ तापवायला वेळ घेतं, तेवढ्यात उष्णता रुळातून पसरत स्लीपरपर्यंत पोचते. ४० ते ६० वॉटचं, स्वच्छ टोकाचं आयर्न दोन-तीन सेकंदांत काम उरकतं.

क्रम असा. रुळाच्या बाहेरच्या बाजूला २ ते ३ मिमीचं छिद्र पाडा. आतल्या बाजूला कधीच नको, तिथे चाकाची कड फिरते. रुळाची बाहेरची बाजू कानशीने किंवा पोलिश पेपरने घासून चमकवा. फीडरचं टोक चार-पाच मिमी सोला, काटकोनात वाकवा, त्याला आणि रुळाला वेगवेगळा सोल्डरचा पातळ थर द्या. दोन्ही बाजूंना एकेक स्लीपर सोडून ओला कापूस ठेवा. आता वायर रुळाला टेकवून वरून आयर्न दाबा. सोल्डर चकाकून वाहिला की आयर्न काढा आणि वायर थंड होईपर्यंत हलवू नका. जोड गुळगुळीत, चकचकीत दिसला पाहिजे. करडा आणि दाणेदार दिसला तर तो पकडलेला नाही, ओढून पाहिलात तर सुटेल.

सोल्डर ६०/४०, रोझिन कोअरचा. पत्रेवाल्याकडचं ॲसिड वापरू नका, ते महिनाभरात जोड हिरवा करतं. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जेवणाआधी हात धुवा.

१३. उन्हाळ्यात रूळ वाकतात म्हणून जोडांत फट ठेवायची का?

थोडी. एक मीटर निकेल सिल्व्हर २० अंशांच्या फरकाने सुमारे ०.३ मिमी वाढतं, ते फार नाही. खरी हालचाल लाकडाची, आणि ती तापमानापेक्षा ओलाव्याने होते. म्हणून सरळ भागात दर दोन जोडांपैकी एक सोल्डर न करता मोकळा ठेवा, त्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट. वळणावरचे जोड मात्र सोल्डर केलेलेच बरे (प्रश्न ८). मोकळ्या जोडाच्या दोन्ही बाजूंना फीडर असेल तर फटीने काही बिघडत नाही. लेआउट कडक थंडीत बांधताय की मे महिन्यात, त्यावर फट ठरवा. मे महिन्यात जवळजवळ नकोच.

१४. डीसी आणि डीसीसी यांचं वायरिंग वेगळं असतं का?

डीसीमध्ये (साधा एकदिश करंट) रुळातलं व्होल्टेज शून्यापासून १२ पर्यंत बदलून वेग ठरतो आणि धन-ऋण उलटवून दिशा. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर लाइनचे भाग पाडून प्रत्येकाला स्विच द्यावा लागतो. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळात कायम ठरावीक व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४ ते १६, आणि त्यातूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम ऐकतो. नव्या डीकोडरचा क्रमांक ३ असतो. ही पद्धत जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या कामावर उभी आहे आणि अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेनं तिला मानक केलं.

"डीसीसीला दोनच वायरी लागतात" ही जाहिरात आहे. बस आणि फीडर तेवढेच लागतात. उलट करंट जास्त असल्याने जोड जास्त चांगले लागतात. वाचतात ते भागाभागाचे स्विच. डीकोडर प्रोग्रॅम करायला मात्र एक तुकडा पूर्ण वेगळा ठेवा, नाहीतर एका हुकमाने सगळ्या इंजिनांचा क्रमांक बदलून बसेल.

१५. सांधा घेताना इन्सुलेटेड फ्रॉगचा घ्यावा की लाइव्ह?

फ्रॉग म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात ती चोच. इन्सुलेटेड प्रकारात ती प्लॅस्टिकची असते. लावायला सोपा, पण चार चाकांचं छोटं इंजिन हळू चालताना तिथे अडतं. लाइव्ह फ्रॉग धातूचा असतो, इंजिन अडत नाही. मात्र फ्रॉगनंतरच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर (करंट अडवणाऱ्या फिशप्लेट) लावावेच लागतात आणि सांधा फिरेल तशी फ्रॉगची बाजू बदलावी लागते. हे काम मोटरमधला स्विच करतो. पेकोच्या भाषेत इन्सुलफ्रॉग आणि इलेक्ट्रोफ्रॉग. नवा युनिफ्रॉग मधला मार्ग आहे: तसाच लावला तरी चालतो, हवी तर फ्रॉगला नंतर वायर देता येते.

माझं मत: मेन लाइनवर इन्सुलेटेड पुरतो, यार्डात लाइव्हच घ्या. शंटिंग तिथेच होतं आणि हळूच होतं.

इन्सुलेटेड सांध्यावर ठिणगी पडून क्षणभर शॉर्ट होत असेल, तर रुंद चाक चोचीजवळचे दोन्ही रूळ एकदम शिवतंय. त्या टोकाला पारदर्शक नेल पॉलिशचा एक थर द्या. तो झिजतो, वर्षातून एकदा पुन्हा लावा.

१६. सांध्याला कोणती मोटर?

सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकाची मोटर, "खट्" करून फिरतो. त्याला क्षणभराचाच करंट द्यायचा, बटण दाबून धरलं तर कॉइल जळते. त्यासाठी कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (साठवलेला करंट एका झटक्यात देणारं) लावा. हळू फिरणारी मोटर, उदाहरणार्थ टॉर्टॉइज, टोकाला अडूनही जळत नाही आणि फ्रॉगसाठी स्विच तिच्यातच असतो. लहान सर्व्हो सर्वांत स्वस्त, पण थोडं इलेक्ट्रॉनिक्स आलं पाहिजे.

१७. लाइन फिरवून त्याच लाइनला परत जोडली की शॉर्ट होतं. का?

हा रिव्हर्स लूप. दोन रुळांच्या पद्धतीत तो असाच वागणार, तुमची चूक नाही. लूपच्या आधी उजवा रूळ लाल समजा. त्याच्यावर बोट ठेवून लूपभर फिरत या. तुम्ही मूळ लाइनला पोचता तेव्हा तो डाव्या, म्हणजे काळ्या रुळाला येऊन मिळतो. लाल आणि काळा जुळले, शॉर्ट.

उपाय म्हणजे लूपचा भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत, प्लॅस्टिकच्या जॉइनरने तोडायचा. एकूण चार गॅप. या भागाची लांबी सर्वांत लांब गाडीपेक्षा जास्त हवी. धातूची चाकं किंवा दिवे असलेले डबे असतील तर पूर्ण गाडीपेक्षा. डब्यांची सगळी चाकं प्लॅस्टिकची असतील तर इंजिनांपुरती पुरते.

डीसीमध्ये लूपला सहा टर्मिनलचा टॉगल द्यायचा. पुरवठा मधल्या दोन टर्मिनलना, चारी कोपऱ्यांच्या वायरी तिरप्या ओढून, आणि लूप एका बाजूला. गाडी पूर्ण लूपमध्ये आली की थांबवायची, कंट्रोलरची दिशा आणि लूपचा टॉगल दोन्ही उलटवायचे, सांधा फिरवायचा आणि गाडी बाहेर काढायची. दोन्हींपैकी एकच उलटवलं तर लूपची दिशा उलटते आणि गाडी जागीच मागे पळते.

डीसीसीमध्ये ऑटो-रिव्हर्सर बसवा. चाक गॅपवर आलं की तो शॉर्ट ओळखतो आणि लूपची बाजू उलटवतो. इंजिन अडखळतही नाही, कारण त्याची दिशा रुळाच्या धन-ऋणावर नाही, डीकोडरच्या हुकमावर ठरते. अपवाद लक्षात ठेवा: एक गाडी लूपमध्ये शिरतेय आणि दुसरी त्याच क्षणी दुसऱ्या टोकाने निघतेय, तर रिव्हर्सर कोणाचंच समाधान करू शकत नाही. लूप तेवढा लांब असला तरी गॅपवर एका वेळी एकच गाडी.

१८. माझ्याकडे लूप नाहीच, साधी अंडाकृती लाइन आहे. तरी सांधा टाकल्यावर शॉर्ट!

अंडाकृती मधोमध चेपून दोन लाइनी समांतर आणल्या आहेत का? दिसायला डबल लाइन, पण प्रत्यक्षात ती एकच लाइन जाऊन परत आलेली असते. त्या दोघींच्या मध्ये क्रॉसओव्हर (दोन लाइनी जोडणारी तिरपी लाइन) टाकला की एका झटक्यात दोन रिव्हर्स लूप तयार होतात. क्रॉसओव्हरच्या मधोमध दोन्ही रुळांत गॅप घाला आणि एका टोकाचा गोल वेगळा तोडून प्रश्न १७ प्रमाणे करा.

गाडी वळवायचा त्रिकोणही असाच, त्याची कोणतीही एक बाजू वेगळी तोडायची. टर्नटेबल अर्धा फिरला की त्याच्या पुलाची बाजू उलटते. काही टर्नटेबलांत हे आपोआप होतं. नसेल तर ऑटो-रिव्हर्सर. कोणताही नवा सांधा टाकण्याआधी कागदावर एक रूळ लाल पेनने गिरवत जा.

१९. शॉर्ट आहे, पण कुठे ते सापडत नाही.

आधी सगळी इंजिनं आणि डबे खाली उतरवा. हे सांगूनही कोणी करत नाही, आणि निम्म्या वेळा दोष एखाद्या डब्याच्या उलट्या बसवलेल्या चाकात निघतो: चाकाची एकच बाजू इन्सुलेटेड असते आणि बोगीत ती उलट बसली की दोन्ही रूळ चौकटीतून जोडले जातात.

तरी शॉर्ट राहिला तर कंट्रोलर काढा, मल्टिमीटर बझरवर लावा आणि बस मधोमध तोडून पाहा. बझर कोणत्या अर्ध्यात वाजतो? तो अर्धा पुन्हा तोडा. चार-पाच पायऱ्यांत एका मीटरवर येता. मग तिथे काय काय असू शकतं: प्लॅस्टिकच्या जागी लागलेला धातूचा जॉइनर, फीडरची सुटी तार, खडीत पडलेला सोल्डरचा थेंब, रंग बदललेली वायर. शॉर्ट फक्त सांध्यावर, गाडी जातानाच होत असेल तर चाकांमधलं आतलं अंतर मोजा. एचओ-ओओला ते साधारण १४.४ ते १४.५ मिमी हवं.

२०. नाण्याची चाचणी म्हणजे काय?

दर मीटरला दोन्ही रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवायचं. सिस्टिम ताबडतोब बंद पडली पाहिजे. पडली नाही, तर तिथपर्यंतची वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि खरा शॉर्ट होईल तेव्हा सगळा करंट त्याच जागी वाहत राहील. १५ व्होल्ट आणि ४ अँपिअर म्हणजे ६० वॉट, एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. डब्याची चाकं त्यात वितळतात. ही चाचणी खडी टाकण्याआधी करा.

स्वस्तातलं संरक्षण हवं असेल तर गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला १२ व्होल्ट २१ वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब प्रत्येक भागाच्या एका वायरीत ओळीने जोडा. गाडी चालताना तो विझलेला असतो. शॉर्ट झाला की पेटतो, करंट सुमारे दोन अँपिअरवर अडवतो आणि दोष कोणत्या भागात आहे तेही दाखवतो. बल्ब तापतो, प्लायला चिकटून ठेवू नका.

२१. रूळ काळे पडतात, गाडी धक्के खाते. सँडपेपर मारू?

नको. ओरखड्यांत घाण आणखी लवकर बसते. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, रुळांबरोबर इंजिनाची चाकंही पुसा, कारण घाण चाकंच फिरवतात. डब्यांची प्लॅस्टिकची चाकं धातूची केलीत तर काम निम्म्याने कमी होतं. पुसूनही धक्के एकाच जागी बसत असतील तर ती घाण नाही, जोड आहे: प्रश्न ९.

२२. खडी कशी चिकटवायची?

सगळ्यात शेवटी. गाड्या आठवडाभर नीट चालल्या, नाण्याची चाचणी झाली, मगच. कोरडी खडी मऊ ब्रशने स्लीपरांच्या मध्ये पसरा, रुळाच्या बाजूंवर एकही दाणा राहू देऊ नका. पाण्याचा हलका फवारा, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब. मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं, ड्रॉपरने. साबण नसेल तर फेव्हिकॉल आत न शिरता वर थेंब धरून बसतो. सांध्याच्या पात्यांजवळ दोन सेंमी ओलं काहीही नको.

२३. डीसीचं जुनं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू का?

काही सिस्टिम क्रमांक ० वर एक डीसी इंजिन चालवू देतात. उभं असताना ते गुणगुणतं आणि मोटर तापते. चालवून लगेच उतरवा. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरचं इंजिन तर एक मिनिटही ठेवू नका, ती जळते.

२४. अर्धा लेआउट डीसी आणि अर्धा डीसीसी ठेवला तर?

मध्ये रूळ जोडलेले नसतील तरच. प्लॅस्टिकचा जॉइनर असला तरी इंजिन गॅपवरून जाताना पुढची चाकं एका पुरवठ्यावर आणि मागची दुसऱ्यावर असतात. तेवढ्या क्षणात दोन्ही पुरवठे इंजिनातून जोडले जातात आणि कंट्रोलर, बूस्टर (डीसीसीचा करंट पुरवणारा) किंवा डीकोडर यांपैकी काहीतरी जातं. दोन्ही हवंच असेल तर सगळ्या लेआउटला एकच मोठा टॉगल, एका वेळी एकच पुरवठा.

२५. काकांनी जर्मनीहून मार्क्लिनचा सेट आणला आहे. तो याच रुळांवर चालेल?

नाही. मार्क्लिनच्या एचओमध्ये दोन्ही बाहेरचे रूळ एकाच बाजूचे असतात आणि करंट स्लीपरांमधल्या बारीक खुंट्यांवरून, इंजिनाखालच्या पट्टीने घेतला जातो. चाकं इन्सुलेटेड नसतात, त्यामुळे त्याचे डबे तुमच्या रुळांवर ठेवताच शॉर्ट. त्यांच्याच रुळांवर मात्र रिव्हर्स लूप, त्रिकोण काहीही करा, प्रश्न १७ तिथे लागूच होत नाही. सेट पूर्ण असेल तर तो तसाच, वेगळ्या टेबलावर लावा. काही डबेच तुमच्या गाडीला जोडायचे असतील तर इन्सुलेटेड चाकांच्या जोड्या मागवून आधी त्या बदला.